तीन दिवसांचं सुतक

अमेरिकेतल्या भाच्याला ‘येताना एक आयफोन घेऊन ये रे’ असं सांगण्याआधी त्या फोनची कड तपासायला सांगावं. २०२२च्या आयफोन १४ पासून तिकडे विकल्या जाणाऱ्या आयफोनला सिमकार्डाची खाचच नसते. आपल्याकडे मिळणाऱ्या आयफोनात, ‘आयफोन एअर’ हे मॉडेल सोडलं तर, एक नॅनो सिम बसतं आणि जोडीला ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनातच चालू होणारं सिम, चालतं. भाचा बिचारा बॅगेत चितळ्यांच्या बाकरवडीसाठी जागा ठेवून फोन घेऊन येतो, आणि मामा हातात सिम काढायची पिन धरून फोनला चारी बाजूंनी टोचायला जागा शोधत बसतात. ई-सिम घेणं अवघड नाही, पण ते मागवताना खात्री करणारा संदेश जुन्या सिमवर येतो. म्हणून नवं चालू होईपर्यंत जुनं सिम जुन्या फोनातच राहू द्यावं. उत्साहाच्या भरात ते आधीच काढून कागदाच्या पुडीत बांधणाऱ्यांचा वर्ग मोठा आहे.

आयफोन की अँड्रॉइड, हा प्रश्न पुण्यात दोन प्रकारे सुटतो. कोरेगाव पार्कात ४ सप्टेंबर २०२५ला ॲपलचं स्वतःचं दुकान उघडलं. तिथे उभ्या उभ्या अर्धा तास फोन हाताळला तरी कुणी ‘घ्यायचाय का?’ विचारत नाही, आणि पुणेकराला याचंच दडपण येतं. तपकीर गल्लीतल्या मोबाइलच्या दुकानांत मात्र पहिलं वाक्य ‘काका, बजेट बोला’ आणि दुसरं ‘कव्हर-काच लगेच टाकून देऊ ना?’ दोन्हीकडे दाखवतात कॅमेराच. माझ्या मते कॅमेऱ्यावरून फोन निवडणं म्हणजे बाल्कनीतल्या कुंड्या बघून फ्लॅट घेणं. आपले निम्मे फोटो व्हॉट्सॲपवरून जातात आणि तिथे ते मूठभर होऊन पोचतात. अठ्ठेचाळीस मेगापिक्सेलमधून शेवटी उरतं ते ‘शुभ सकाळ’.

फोन दोन्ही चांगलेच आहेत. खरा त्रास आहे तो या अंगणातून त्या अंगणात जाण्याचा, आणि तो कुठल्याच तुलनेच्या तक्त्यात लिहिलेला नसतो.

पहिलं लोढणं व्हॉट्सॲपचं. अँड्रॉइडवरचा बॅकअप गूगलच्या खात्यात जातो, आयफोनचा आयक्लाउडमध्ये, आणि दोघं एकमेकांचं तोंड बघत नाहीत. जायचा अधिकृत रस्ता नव्या आयफोनच्या पहिल्या मांडणीतून जातो. तिथे ‘अँड्रॉइडमधून आणा’ निवडायचं, जुन्या फोनात ‘मूव्ह टू आयओएस’ हे ॲप उघडायचं, दोन्ही फोन चार्जरला आणि एकाच वायफायवर ठेवायचे, आयफोनवर आलेला कोड अँड्रॉइडमध्ये टाकायचा आणि मग यादीतून व्हॉट्सॲप निवडायचं. ते जुन्या फोनातून स्वतःहून बाहेर पडतं. ते बाहेर पडलं म्हणून घाबरून परत लॉगिन करायचं नाही. नव्या फोनात व्हॉट्सॲप उतरवून त्याच नंबराने आत शिरायचं, एवढंच. पट्टी शेवटपर्यंत सरकेतोवर दोन्ही फोनना हात लावू नये. दूध तापत असताना ओट्याजवळ उभं राहतात तसं नुसतं उभं राहावं.

गोम अशी की हे सगळं कोऱ्या किंवा पूर्ण पुसलेल्या आयफोनातच होतं. दुकानातून आल्याआल्या ‘नंतर बघू’ म्हणून पुढे गेलात, दगडूशेठचा वॉलपेपर लावलात, आणि चौथ्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवरचे सहा वर्षांचे पाणीकपातीचे वाद आठवले, तर तो फोन पुसून पुन्हा श्रीगणेशा. शिवाय व्हॉट्सॲपवरच्या कॉलची यादी काही येत नाही. काही घरांत ही सोयच ठरते. उलट दिशेनेही साधारण तसंच: नवा अँड्रॉइड कोरा असतानाच हे करावं.

आता सुतक. यूपीआय खातं फोनला आणि सिमला बांधलेलं असतं. फोन बदलला की पुन्हा नोंदणी, आणि ती होते बँकेत नोंदलेल्या नंबरावरून गेलेल्या एका एसएमएसने. अँड्रॉइडमध्ये परवानगी दिली की ॲप तो स्वतः पाठवतं. आयफोनमध्ये ॲपलाच ती मुभा नाही. म्हणून तयार मजकूर समोर येतो आणि ‘पाठवा’ आपण दाबायचं. तो मजकूर म्हणजे अक्षर-आकड्यांचा काला. सावध पुणेकर तो दोनदा वाचतो, संशय घेतो आणि खोडतो. काही जण सभ्यपणे पुढे स्वतःचं नाव लिहितात. एक अक्षर जरी इकडचं तिकडे झालं तरी नोंदणी फसते. दोन सिम असतील तर चुकीच्या सिमवरून संदेश जातो तेव्हाही हेच होतं, आणि रिचार्जमध्ये एसएमएसच शिल्लक नसले तर चक्र नुसतं गरगर फिरत राहतं. दोष बँकेला मिळतो.

नोंदणी झाली तरी लगेच मोकळे होत नाही. नव्या फोनवर सुरुवातीला एकूण ५,००० रुपयांची मर्यादा असते. अँड्रॉइडवर २४ तास, आयफोनवर ७२. एक लाखाचा फोन खिशात, आणि तीन दिवस व्यवहार बेताचा! अमृततुल्यचा चहा चालतो, भाजी चालते, फी आणि हप्ता चालत नाही. तेव्हा पाडव्याच्या आदल्या दिवशी आयफोन आणि पाडव्याला लक्ष्मी रोडवर सोनं, असा बेत आखू नये. पाच हजारांत सराफ फार तर चहा पाजेल.

अंगवळणी पडायला सगळ्यात जास्त वेळ लागतो तो आधीच्या स्क्रीनवर मागे जायला. अँड्रॉइडमध्ये डाव्या किंवा उजव्या कडेवरून बोट आत ओढलं की मागे. आयफोनमध्ये उजवी कड त्या कामाची नाही, डावीकडूनच ओढायचं, आणि काही ॲपांत तर वर डाव्या कोपऱ्यातल्या बाणापर्यंत अंगठा न्यायचा. पीएमपीच्या बसमध्ये एका हाताने दांडी धरून हे करून बघावं. पहिला आठवडा अंगठा रिकामाच वळवळतो.

फॉर्म भरणाऱ्यांना आणखी एक ठेच लागते. २०१७पासून आयफोन फोटो ‘एचईआयसी’ प्रकारात साठवतो, आणि अर्जाच्या वेबसाइटला हवा असतो जेपीजी. झेरॉक्सवाला पेनड्राइव्ह परत देतो, ‘हे उघडत नाही ओ.’ सेटिंग्जमध्ये कॅमेरा, त्यात फॉरमॅट्स, त्यात ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडावं. हे पुढच्या फोटोंना लागू, आधीचे तसेच राहतात.

‘अँड्रॉइड दोन वर्षांत म्हातारा होतो’ हा युक्तिवाद मात्र आता जपून करावा. पिक्सेल ८ आणि गॅलक्सी एस २४ पासून त्या मालिकांना सात वर्षं अपडेट देण्याचा वायदा आहे. स्वस्तातल्या फोनांचं तसं नाही.

स्कूटरवर फोन लावून नकाशा बघणाऱ्यांसाठी वेगळा परिच्छेद हवा, म्हणजे निम्म्या पुण्यासाठी. जोरदार मोटरसायकलींच्या हादऱ्यांनी कॅमेऱ्याची थरथर सावरणारी आणि फोकस करणारी यंत्रणा बिघडू शकते, असं ॲपलनेच २०२१मध्ये जाहीर केलं. स्कूटरचे हादरे कमी, तरी धक्के शोषणारा होल्डर लावा, असाही सल्ला आहे. त्यात आपले रस्ते धरलेले नसावेत. शिवाय आयफोन वापरायचं तापमान ० ते ३५ अंश सांगितलंय, म्हणजे एप्रिलमधली दुपार त्याच्या हिशोबात नाही. भर उन्हात सिंहगड रोडला स्क्रीन मंद झाली तर तो बिघाड नव्हे, फोन स्वतःला वाचवतोय.

जुना अँड्रॉइड विकायचा असेल तर आधी सेटिंग्जमधून गूगल खातं काढा, मग रिसेट करा. खातं तसंच राहिलं तर फोन चालू होताना जुनंच खातं मागू शकतो, आणि घेणाऱ्याचा रात्री साडेदहाला फोन येतो, ‘साहेब, तुमचा पासवर्ड तेवढा सांगता का?’ आणि विकायची घाई सुतक फिटेपर्यंत नको. कुठल्या तरी लॉगिनचा कोड अजून त्या जुन्या फोनातच येत असतो.