मिस्त्रीच्या हाताला सगळं कळतं

मालक, ड्रायव्हर म्हणतोय ट्रकच्या मागच्या डाव्या चाकाच्या बेअरिंगमधून घरघर येते. म्हणू दे. त्याला भत्ता वाढवून हवा असणार. टेपचा आवाज मोठा ठेव म्हणावं. अशा आणखी दोन ट्रिपा आरामात निघतात.

पुढे ग्रीस पातळ होऊन सीलमधून, म्हणजे ग्रीस अडवणाऱ्या कड्यातून, टायरच्या आतल्या बाजूला ओघळायला लागलं, की गाडी मिस्त्रीकडे लावा. पण आधी लासलगावला कांदा भरून घ्या. रिकामी गाडी दिली तर मिस्त्री निवांत काम करत बसतो. भरलेली गाडी दारात उभी राहिली आणि पहाटे वाशी मार्केट गाठायचंय हे त्याला कळलं, की हात कसे चालतात बघा! जॅक आहे, खाली लाकडाचा ठोकळा आहे, आणखी काय लागतं?

हब, म्हणजे चाकाचा मधला गाभा, उतरला की त्यातलं बेअरिंग डिझेलने धुवायचं आणि हवेच्या पाइपने वाळवायचं. वाळवताना ते गरगर फिरवलंच पाहिजे, छान शिट्टी वाजते. कोरडं बेअरिंग असं पळवलं तर रोलर ओरखडतात, एखादा पिंजऱ्यातून सुटून तोंडावर येतो, असं पुस्तकात लिहिलंय. पुस्तक लिहिणाऱ्याला शिट्टी ऐकायला मिळाली नसेल. रोलरवर डाग दिसले, निळसर झाक दिसली, तर पोरग्याला म्हणा, पूस. पुसून जात नाही म्हणाला, तर लाइट बंद करा.

अगदीच बदलायची वेळ आली, तर नवा कोन, म्हणजे रोलरसकट आतली कडी, आणा आणि कप, म्हणजे बाहेरची कडी, जुनाच राहू द्या. कप हबमध्ये ठोकून बसवलेला असतो, तो काढायला वेळ जातो. जुन्या कपावर पडलेल्या खड्ड्यांतून नवे रोलर आपली वाट काढतीलच. ग्रीससुद्धा तळहातावर घेऊन रोलरच्या फटीत दाबत बसायचं कारण नाही. हबच्या पोकळीत डबाभर ओता. दिसायला भरपूर दिसतं, आणि मालकाला दिसतं तेवढंच दाखवायचं असतं.

आता मुख्य काम, नट कसणं. हे निमुळत्या रोलरचं बेअरिंग. अमेरिकेत सेंट लुईसच्या हेन्री टिमकेन नावाच्या बग्ग्या बनवणाऱ्या माणसाने १८९८ साली याचं पेटंट घेतलं. याची गंमत अशी, की ते घट्ट बसणार की सैल, हे नट ठरवतो. घट्ट झालं तर गरम होऊन फुगायला जागा उरत नाही, ग्रीस करपतं, रोलर निळे पडतात. सैल झालं तर सगळा भार मोजक्या रोलरवर येतो, चाक डुलतं, सील फाटतं. मधली जागा किती? अमेरिकेतल्या ट्रकवाल्यांच्या संघटनेची टेक्नॉलॉजी अँड मेंटेनन्स कौन्सिल म्हणते, इंचाच्या हजाराव्या भागातले १ ते ५ भाग. म्हणजे मिलिमीटरमध्ये ०.०२५ ते ०.१२७. साधा झेरॉक्सचा कागद साधारण ०.१ मिलिमीटरचा असतो, यावरून काय ते समजा.

त्यासाठी त्यांनी केवढा खटाटोप सांगितलाय! हब सतत फिरवत नट २०० फूट-पाउंड टॉर्कला (टॉर्क म्हणजे कसण्याचा जोर) कसा, म्हणजे रोलर जागेवर बसतात. मग एक पूर्ण फेरा सैल करा. मग परत फिरवत ५० फूट-पाउंड. मग थोडासा मागे, तोही नटाचे आटे कसे आहेत ते पाहून. मग पहिला नट सुटू नये म्हणून वरून चेक नट. मग बारीक हालचाल मोजणारं डायल गेज लावून हब पुढेमागे ओढून बघा. आकडा जास्त आला तर पुन्हा पहिल्यापासून. आपल्या गाडीच्या कंपनीच्या पुस्तकातले आकडे आणखी वेगळे असतील. ते पुस्तक गाडीबरोबर आलं होतं, शोरूमच्या पिशवीत कुठेतरी असेल.

आपल्याकडे एवढ्या भानगडी नाहीत. पान्याला पाइप अडकवायचा, क्लीनरला लोंबकळायला लावायचं. क्लीनर जेवलेला आहे की उपाशी, यावर टॉर्क ठरतो. मग अंदाजाने थोडं सैल. हब हाताने ढकलून मिस्त्री म्हणाला ‘बसलं’, की बसलं. टॉर्क रेंच आणि डायल गेज ज्याच्या हाताला कळत नाही त्याच्यासाठी असतात. नट अडवून धरणाऱ्या लॉक वॉशरची वाकवलेली जीभ हातोडीने सपाट करून परत वाकवा. तिसऱ्यांदा मोडते, पण तोवर दुसरा मिस्त्री असतो.

वजनाचं विचारूच नका. २०१८ साली सरकारने चार टायरच्या एका एक्सलची मर्यादा १०.२ टनांवरून ११.५ टन केली. सरकारच सव्वा टनाहून जास्त वाढवून देतंय, तर आपण वरून आणखी दीड-दोन टन टाकायला काय हरकत आहे? बेअरिंगला काटा-पावती थोडीच वाचता येते!

इगतपुरीला ड्रायव्हर चहाला उतरेल आणि सवयीने हबजवळ उलटा हात नेईल. ही सवय मोडा. हात नेला की चटका बसतो, चटका बसला की फोन येतो, आणि फोन आला की तुमची झोप मोडते. तिथून कसारा घाट सुरू होतो, उतार लांब आहे. सीलमधलं ग्रीस एव्हाना ब्रेकच्या लायनरवर पोचलेलं असणार, त्यामुळे डाव्या चाकाचा ब्रेक जरा लाजेल. उरलेली चाकं सांभाळून घेतील. ड्रायव्हरने घाटनदेवीला हात जोडायला मात्र विसरू नये. मेंटेनन्सच्या खात्यात ही एकच बाब आपण नियमाने पाळतो.

आणि समजा चाक निघालंच. जोडचाक टायर-रिमसकट एकटं धावायला लागलं की गाडीच्याही पुढे जातं. तेव्हा घाटात पुढे कोण होतं हे आधी विचारा, कांद्याचं नंतर. मग मिस्त्रीला फोन लावा. तो म्हणेल, ‘मी कसलं तेव्हा बरोबर होतं.’ बिल मागू नका, बिल त्याने दिलंच नव्हतं. रोख दिले म्हणून तुम्हीच शंभर रुपये कमी करून घेतले होते.