सहलीला जा, पण तिथून हिरे-माणकं आणू नका

आमची सराफी पेढी आहे, तालुक्याच्या गावी, आजोबांच्या वेळेपासूनची. दर वर्षी उन्हाळ्याची सुट्टी संपली की आणि पुन्हा दिवाळीनंतर, थायलंड, दुबई, युरोप करून आलेली माणसं पेढीवर येतात. पर्समधून मखमली डबी काढतात आणि म्हणतात, "जरा बघा ना, याचे किती होतील?" खरं उत्तर दिलं की समोरचा चेहरा उतरतो. हे चेहरे बहुतेक साठी ओलांडलेल्यांचे असतात. आयुष्यभर पै-पै जोडून पहिल्यांदाच विमानात बसलेल्यांचे. मला त्याचा फार त्रास होतो, म्हणून एकदा सविस्तर लिहिते आहे.

माझं मत असं की सहलीत सोनं एक वेळ घ्या, पण हिरा, माणिक, नीलम यांतलं काहीही घेऊ नका. कितीही स्वस्त सांगितलं तरी नाही. कितीही सुंदर दिसलं तरी नाही.

सोन्याचा कस मोजता येतो, भाव रोजचा ठरलेला असतो. खड्याचं तसं नसतं. एकाच वजनाच्या, डोळ्यांना सारख्याच दिसणाऱ्या दोन माणकांच्या किमतीत शंभर पटींचा फरक असू शकतो आणि तो फक्त विकणाऱ्याला ठाऊक असतो. आपल्याकडे या व्यवहारात घेणाऱ्याला आधार असतो तो ओळखीचा. तुमच्या मुलीच्या लग्नाचे दागिने आमच्याकडे झाले, आता नातीच्या बारशाचे होतील, हे आम्हाला माहीत असतं. गावात तोंड दाखवायचं असतं. खडा सैल झाला, रंग उतरला, तर तुम्ही सरळ येऊन जाब विचारू शकता. पट्टायाच्या शोरूममधल्या माणसाला मात्र पक्कं माहीत असतं की तुमची बस थोड्या वेळात सुटणार आहे आणि तुम्ही पुन्हा कधी त्याच्या दारात उभे राहणार नाही. तिथला सगळा व्यवहार याच भरवशावर चालतो.

बँकॉकची एक जुनी फसवणूक आहे, वर्षानुवर्षं चाललेली. तुम्ही ग्रँड पॅलेसजवळ पोचता, नीटनेटक्या कपड्यांतला कोणी गृहस्थ आदराने सांगतो की आज सण आहे, राजवाडा दुपारपर्यंत बंद आहे. तोवर ही टुकटुक, म्हणजे तिथली तीनचाकी रिक्षा, तुम्हाला दोन-तीन मंदिरं दाखवील, तीही अगदी थोड्या पैशांत. एका मंदिरात दुसरा एक सज्जन "सहज" भेटतो. तो सांगतो की सरकारी निर्यात केंद्रात आजच्या दिवसापुरती करमाफी आहे, मी स्वतः नीलम घेऊन परदेशात दुप्पट भावाने विकले. मग टुकटुक तिथेच थांबते. राजवाडा खरं तर एरवी रोज सकाळी साडेआठपासून उघडा असतो आणि थायलंडचं सरकार रत्नांचं असलं कुठलंही दुकान चालवत नाही. दुकानात मिळणारा खडा अनेकदा खराच नीलम असतो, काच नसते. पण प्रत हलकी आणि किंमत कितीतरी पट चढवलेली. खडा प्लास्टिकच्या सीलबंद पाकिटात देतात आणि बजावतात की सील फोडलं तर परत घेणार नाही. म्हणजे बाहेर नेऊन तपासायची वाटही बंद. कधी तर माल पोस्टाने तुमच्या घरी पाठवतो म्हणतात, कारण हातात असला तर तुम्ही त्याच संध्याकाळी परत घेऊन याल.

आपली मंडळी टुकटुकवाल्याच्या नादी कमी लागतात, कारण ती ग्रुप टूरने जातात. तिथे त्यांना कोणी फसवून नेत नाही, कार्यक्रमपत्रिकेतच "जेम्स गॅलरीला भेट" असं छापलेलं असतं. छोट्या आगगाडीत बसवून खाणीचा देखावा दाखवतात, लेकरंही खूश होतात. गाडी थांबते ती एका अवाढव्य थंडगार शोरूमच्या तोंडाशी. प्रत्येक जोडप्यामागे एक विक्रेती चालू लागते. तिला हिंदी येतं, चार शब्द मराठीही येतात, आणि सातासमुद्रापार "ताई, बसा ना" ऐकलं की माणूस विरघळतोच. शेजारच्या सीटवरच्या वहिनींनी घेतलं, मग आपण नाही घेतलं तर कसं दिसेल, हाही भाग असतो. अशा ठिकाणच्या विक्रीवर सहलवाल्यांना कमिशन मिळतं, हे या धंद्यात कुणालाच नवीन नाही. फक्त पैसे देणाऱ्याला ते कुणी सांगत नाही.

शाळेत आम्हाला शिकवलेल्या एक बाई अशीच अंगठी घेऊन आल्या होत्या. निवृत्तीनंतरची पहिली सहल, फंडाच्या पैशांतून स्वतःसाठी घेतलेली पहिली मोठी वस्तू. माणिक टपोरं, डाळिंबाच्या दाण्यासारखं लाल. अंगठी घट्ट होत होती, थोडी मोठी करून हवी होती. आमचा बंगाली कारागीर कडी कापायला बसला आणि त्याने सवयीने आधी खडा भिंगाखाली धरला. मग मला हाक मारली. दहापट भिंगातून खडा जरा तिरका केला की आत गोल गोल बुडबुडे दिसत होते आणि भेगांवरून निळसर झाक सरकत होती.

ही काच भरलेल्या माणकाची खूण. भेगांनी भरलेलं, जवळपास टाकाऊ माणिक घ्यायचं, त्यात शिसं असलेली काच वितळवून भरायची, की भेगा दिसेनाशा होतात आणि खडा पारदर्शक, लालबुंद होतो. साधारण 2004 पासून हा माल बाजारात आला. घाऊक बाजारात त्याला फारशी किंमत नाही. माणिक उजळायला नुसती उष्णता देणं वेगळं, ती जुनी आणि व्यापारात मान्य असलेली पद्धत आहे. काच भरलेला खडा मात्र टिकतच नाही. अंगठी झाळताना बत्तीची आच लागली तर आतली काच वितळून खडा खराब होतो. लिंबाच्या रसानेसुद्धा ती काच खाल्ली जाते. रोज वरणावर लिंबू पिळणाऱ्या बाईच्या हातात असा खडा किती दिवस राहणार? बाईंना मी सगळं सांगितलं, भिंग हातात देऊन बुडबुडे दाखवले. त्या बराच वेळ बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "पण त्यांनी सर्टिफिकेट दिलंय ग."

सर्टिफिकेट होतं. त्याच दुकानाचं होतं. छान जाड कागद, सोनेरी शिक्का आणि "नॅचरल रुबी" एवढेच शब्द. काचेचा उल्लेख नाही, वजनाशिवाय दुसरा तपशील नाही. दुकानाने स्वतःच्या मालाला दिलेला कागद म्हणजे प्रमाणपत्र नव्हे, हे घरातल्या प्रत्येक ज्येष्ठ माणसाला सांगून ठेवा. दाखला लागतो तो विक्रीशी संबंध नसलेल्या प्रयोगशाळेचा: हिऱ्यासाठी जीआयए, आयजीआय किंवा एचआरडी, आणि थायलंडमध्ये रंगीत खड्यांसाठी जीआयटी ही तिथली सरकारी रत्नसंस्था. जीआयएच्या दाखल्याचा क्रमांक त्यांच्या संकेतस्थळावर टाकून पडताळता येतो, आणि अनेक हिऱ्यांच्या कडेवर तोच क्रमांक लेसरने कोरलेला असतो. भिंगाखाली तो वाचून जुळवायचा. बस बाहेर हॉर्न वाजवत असताना हे सगळं करणार कोण?

बँकॉकला मी वाईट म्हणत नाही. रंगीत खड्यांची ती जगातली फार मोठी बाजारपेठ आहे. थायलंडच्या चांथाबुरीतले कारागीर माणिक-नीलम उष्णतेने उजळण्यात पिढ्यान्‌पिढ्या मुरलेले आहेत, आणि आता तिथे येणारा पुष्कळसा कच्चा माल मोझांबिक, मादागास्करचा असतो. जयपूरचे व्यापारी तिथून माल आणतात. पण ते दिवस दिवस बसून खडे निवडतात, शंका आली तर प्रयोगशाळेत धाडतात, न पटल्यास रिकाम्या हाताने परततात. पर्यटकाला यातलं काहीच शक्य नसतं.

युरोपच्या सहलीत हीच गोष्ट ॲम्स्टरडॅमला होते. हिऱ्यांच्या कारखान्यात फुकट फेरी असते, पैलू पाडणारा कारागीर दाखवतात, 1908 मध्ये याच शहरात आशर बंधूंनी 3106 कॅरटचा कलिनन हा कच्चा हिरा कसा फोडला त्याची गोष्ट सांगतात. गोष्ट खरी आहे आणि ऐकण्यासारखी आहे. ती जरूर ऐका. पण आज जगातल्या दर 10 हिऱ्यांपैकी सुमारे 9 हिऱ्यांना पैलू पडतात ते भारतात, मुख्यतः सुरतेत. ॲम्स्टरडॅमच्या काचेआड दिसणारा हिरा सुरतेहून मुंबईत, बीकेसीच्या भारत डायमंड बोर्स या हिरेबाजारातून तिकडे गेलेला असण्याची शक्यता भरपूर. त्यावर तिथलं भाडं, तिथले पगार आणि 21 टक्के व्हॅट चढतो. व्हॅट विमानतळावर परत मिळतो म्हणतात, पण दलालाची फी कापून, पूर्ण नाही. आपल्याकडे दागिन्यावर जीएसटी 3 टक्के. हिशेब तुम्हीच करा.

हिऱ्याच्या बाबतीत आता आणखी एक काळजी आहे. प्रयोगशाळेत वाढवलेला हिरा हाही हिराच असतो. दुकानातलं पेनासारखं साधं टेस्टर दोन्हींवर सारखंच वाजतं आणि नुसत्या भिंगाने आम्हालाही खात्रीने सांगता येत नाही. त्याचे भाव गेल्या काही वर्षांत कोसळले आहेत. तो लॅबचा म्हणून सांगून, त्याच्या भावात विकला तर माझी काही तक्रार नाही. पण खाणीतल्या हिऱ्याच्या भावात तो गळ्यात पडला तर तुम्ही दाद कुठे मागणार?

राहिली दुबई. देरा भागातल्या गोल्ड सूकमधलं सोनं कसाला चोख असतं, दर दुकानात लावलेला असतो, घासाघीस फक्त घडणावळीवर करायची. 2018 पासून तिथे 5 टक्के व्हॅट आहे, पर्यटकाला त्यातला बराचसा परत मिळतो. पण 2024 च्या जुलैमध्ये आपल्याकडचं सोन्यावरचं आयात शुल्क 15 वरून 6 टक्क्यांवर आलं, तेव्हा पूर्वीचा तो मोठा फरक आटला. आणि कस्टमचा नियम नीट समजून घ्या. पुरुषाला 20 ग्रॅम आणि बाईला 40 ग्रॅम दागिने शुल्काशिवाय आणण्याची जी सवलत सगळे सांगतात, ती वर्षाहून अधिक काळ परदेशात राहून परतणाऱ्यांसाठी आहे. आठवड्याच्या सहलीला गेलेल्यांसाठी नाही. बिल जपून ठेवा, रेड चॅनेलने, म्हणजे शुल्क लागणारं सामान सांगणाऱ्यांच्या वाटेने जा, जे असेल ते सांगा. अंगावरचे जड दागिने इथून घालून जाणार असाल तर निघताना विमानतळावर कस्टमकडून दाखला करून घेता येतो. तो घेतला की परतताना वाद होत नाही. खरं तर पाटल्या-बांगड्या घरी ठेवून गेलेलं उत्तम.

सहल कंपन्यांकडे माझी एक मागणी आहे आणि ती मी मनापासून करते आहे. खरेदीचं ठिकाण कार्यक्रमपत्रिकेत "प्रेक्षणीय स्थळ" म्हणून घालू नका. तिथे जाणं ऐच्छिक ठेवा, आणि विक्रीवर तुम्हाला काही मिळत असेल तर ते छापून सांगा. ज्यांनी तुमच्यावर विश्वास टाकून लाखभर रुपये भरले, त्यांना एवढं कळण्याचा हक्क आहे. प्रवाशांनीही बुकिंग करतानाच विचारावं की अशी किती दुकानं आहेत आणि आत न जाता बाहेर थांबलं तर चालेल का.

ज्यांचे आई-बाबा येत्या सुट्टीत थायलंडला निघाले आहेत त्यांनी आजच त्यांच्याशी बोला. त्यांच्या फोनमध्ये 1155 हा तिथल्या टुरिस्ट पोलिसांचा नंबर घालून द्या. काही घ्यायचंच झालं तर कार्डाने घ्या, म्हणजे बँकेकडे तक्रार करायला जागा राहते. बिलावर खड्याचं वजन, तो नैसर्गिक आहे का आणि त्यावर कोणती प्रक्रिया केली आहे हे लिहून मागायला सांगा. दुकानदार हे लिहून द्यायला तयार नसेल, तर तिथून उठून यायचं.