पॉज दाबून जखम शिवता येत नाही

ऑगस्ट २०२५ मध्ये ‘मेटल गिअर सॉलिड ३: स्नेक ईटर’चा रिमेक, म्हणजे ‘डेल्टा’, आला. तेव्हापासून जो तो त्यातल्या चिखलावर, पानांवर आणि ग्राफिक्सवर बोलतोय. मला बोलायचंय स्नेकच्या जखमांबद्दल. मी नर्स आहे, रत्नागिरी जिल्ह्यात ग्रामीण भागात काम करते. गेमचा नाद भाच्यामुळे लागला आणि आता तो सुटेल असं वाटत नाही.

ज्यांनी खेळलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. मूळ गेम २००४ चा, हिदेओ कोजिमांचा. कथेतला काळ १९६४, सोव्हिएत हद्दीतलं जंगल आणि त्यात लपतछपत जाणारा एकटा हेर, स्नेक. बहुतेक गोळीबाराच्या गेममध्ये गोळी लागली की दोन क्षण भिंतीआड थांबायचं, लाल झालेला पडदा निवळतो आणि गडी ठणठणीत. इथे तसं नाही. गोळी आत राहते. ती सुरीने काढायची, जंतुनाशक लावायचं, रक्त थांबवायचं औषध लावायचं आणि मग बँडेज. हाड मोडलं तर स्प्लिंट, भाजलं तर मलम. हे होईपर्यंत पडद्यावरच्या हेल्थच्या पट्टीचा तेवढा भाग लाल राहतो, भरून येतच नाही. रिमेकमध्ये तर जखमांचे व्रण अंगावर राहतात, पुढच्या प्रसंगांमध्येही दिसतात.

हे मला मनापासून पटतं. लपण्याला अर्थ येतो तो यामुळेच. मार खाल्ल्याचं काही उरतच नसेल तर गवतात पोटावर सरपटायचं कशाला? सरळ धावत जाऊन सगळ्यांना उडवावं.

पण हा सगळा उपचार मेनूत होतो, आणि मेनू उघडला की जग थांबतं. पहारेकरी तीन पावलांवर बंदूक रोखून उभा असला तरी तो तसाच गोठतो. मी निवांत गोळी काढते, टाके घालते, मेनू बंद करते आणि पळते. साप चावला तर सीरम निवडायचं, बटण दाबायचं, विष उतरलं. इथे माझा जीव अडतो.

आमच्याकडे सड्यावर, म्हणजे कातळाच्या माळावर, फुरसं चावलेला माणूस येतो तेव्हा काय होतं ते सांगते. पाय सुजलेला असतो, कधी घरच्यांनी वर दोरी करकचून बांधलेली असते (कृपा करून बांधू नका, चिरही देऊ नका, पाय न हलवता लगेच दवाखान्यात आणा). दोन मिली रक्त कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत घेतो आणि नळी वीस मिनिटं हलवायची नाही. वीस मिनिटांनी तिरकी करून बघायची. रक्त गोठलं नसेल, पाण्यासारखं वाहिलं, तर विष भिनलंय हे नक्की. मग सापाचं इंजेक्शन. तेही तयार नसतं, कुपीत पावडर असते. त्यात पाणी सोडून कुपी हळूहळू फिरवायची, जोरात हलवली तर फेस होतो. अशा आठ-दहा कुप्या लागतात. सलाईनमधून औषध जात असताना रिअॅक्शन येते का यावर डोळा ठेवायचा, अॅड्रेनलिन भरून हाताशी ठेवायचं. सहा तासांनी पुन्हा तीच नळी, पुन्हा तीच वीस मिनिटं. त्या वीस मिनिटांत नातेवाईक दर मिनिटाला विचारतात, “सिस्टर, झालं का?” आणि घाई करून काहीही उपयोग नसतो.

उपचार म्हणजे बहुतांशी ही वाट बघणंच. लपतछपत खेळायच्या गेमला याहून चांगला मसाला कुठे मिळणार? दडून बसायला जागा हवी, दोन्ही हात गुंतलेले, शस्त्र खाली, आणि गस्त चालूच.

नवल याचं वाटतं की याच गेमला वेळ कळतो. सेव्ह करून कन्सोल बंद केला आणि दुसऱ्या दिवशी सुरू केला तर स्नेकची तब्येत सुधारलेली असते आणि पिशवीतलं मांस सडलेलं असतं. २००४ साली ज्याने हा विचार केला, त्याने रक्त वाहत असताना मात्र घड्याळ थांबवलं. हे करणं अशक्य होतं असंही नाही. २०१३ च्या ‘द लास्ट ऑफ अस’मध्ये चिंधी आणि अल्कोहोलपासून किट बनवताना खेळ थांबत नाही. त्यातला नायक जोएल खाली वाकून हाताला पट्टी गुंडाळतो आणि तेवढ्यात मागून कुणीही येऊ शकतं. त्यात वैद्यकीय तपशील स्नेकच्या पासंगालाही पुरणार नाहीत, पण भीती खरी वाटते.

जाता जाता, स्नेक अंगाला चिकटलेली जळू सिगारने भाजून काढतो, ते फक्त गेममध्ये. पावसाळ्यात आंबोलीला जाणाऱ्यांनी तसं करू नये, भाजल्यावर ती पोटातलं जखमेत ओकू शकते. नखाने कडेकडेने सोडवावी. नंतर थोडा वेळ रक्त येत राहतं, तिच्या लाळेमुळे ते लवकर गोठत नाही. दाबून धरावं, घाबरू नये.

भाचा म्हणतो, “मावशी, उपचार करताना खेळ चालूच ठेवला तर लोक कंटाळून गेम सोडतील.” सोप्या लेव्हलला राहू दे की पॉज, माझं काही म्हणणं नाही. पण याच गेममध्ये ‘युरोपियन एक्स्ट्रीम’ नावाची लेव्हल आहे, तिथे शत्रूने एकदा ओळखलं की खेळ खलास. एवढी कडक लेव्हल खेळायला लोक हौसेने बसतात. त्यांना गोळी काढताना जग थांबवून देण्याचं कारण मला आजवर कुणी सांगितलेलं नाही.