बॅकअप घेतलेला आहे, काळजी नसावी

दोन दिवसांच्या डेटाबेस प्रशिक्षणाला तुमचं नाव गेलं, याचा अर्थ त्या आठवड्यात ऑफिसचं तुमच्यावाचून अडत नाही. वाईट वाटून घेऊ नका. होटगी रोडवरचा एसी हॉल, बाहेर चाळिशी ओलांडलेला पारा आणि आत फुकटचा चहा. मे महिन्यातल्या सोलापुरात याहून चांगली बदली कुणाला मिळाली आहे?

जागा मधल्या रांगेत, खांबामागची धरा. ट्रेनर आदल्या रात्री हुतात्मा एक्स्प्रेसने पुण्याहून आलेले असतात, त्यांचीही झोप पुरी झालेली नसते, म्हणून पहिला तास एडगर कॉड यांना दिला जातो. आयबीएममधल्या या माणसाने १९७० साली माहिती तक्त्यांत मांडायचं रिलेशनल मॉडेल मांडलं, हे तुम्ही मागच्या प्रत्येक प्रशिक्षणात ऐकलेलं आहे. तरी लिहून घ्या. वहीत काहीतरी लिहिणारा माणूस फोटोत चांगला येतो आणि फोटो मोठ्या साहेबांकडे जातो.

चहाच्या सुट्टीआधी ट्रेनर सांगतील की 'डिलीट' लिहून पुढे 'व्हेअर', म्हणजे नेमक्या कुठल्या ओळी पुसायच्या ते, लिहायचं राहिलं तर सगळा तक्ता रिकामा होतो. इथे हसायचं असतं, पण बेताने. जो फार मोठ्याने हसतो त्याने ते एकदा केलेलं असतं. (मी गालातल्या गालात हसतो.)

जेवणात कडक भाकरी, शेंगाची चटणी आणि वर दही असेल, तर पुढचं सत्र हमखास बॅकअपचं असतं. आयोजकांना सगळं कळतं. डोळे मिटत असताना पडद्यावर नियम येतो: माहितीच्या तीन प्रती, दोन वेगळ्या माध्यमांवर, त्यातली एक दुसऱ्या जागी. हे सोलापूरकराला शिकवायला बाहेरून माणूस आणावा, याचं मला फार कौतुक वाटतं. आमच्या नळाला पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं. त्यामुळे गच्चीवर टाकी, मोरीत बॅरल, ओट्यावर कळशी आणि अगदीच वेळ आली तर शेजारच्या काकूंकडे ठेवलेला हंडा, ही सोय कुठल्याही सर्टिफिकेटशिवाय घरोघरी आहे. शिवाय आई पाण्याच्या आदल्या दिवशी बॅरल उपडा करून घासते, तळाला चीर पडली आहे का बघते, जुनं पाणी वास मारतंय का तेही बघते. रिस्टोअरची, म्हणजे बॅकअपमधून माहिती परत मिळते का याची, चाचणी म्हणतात ती हीच.

तुम्ही आईच्या वाटेला जाऊ नका. तुम्ही प्रशिक्षित आहात. रात्री दोनला बॅकअप आपोआप सुटतो, सकाळी 'यशस्वी' असा हिरवा मेल येतो, तो न उघडता फोल्डरमध्ये टाका. मीही असे कित्येक महिन्यांचे मेल जमवले होते. एके दिवशी कारखान्याच्या सर्व्हरची डिस्क गेली. बॅकअपची फाइल शोधली, तर ती शून्य केबीची. जिथे बॅकअप पडायचा ती जागा केव्हाच भरली होती. रोज रात्री एक नवी रिकामी फाइल तयार व्हायची आणि मेल फक्त एवढंच कळवायचा की काम सुरू झालं आणि संपलं. मालक चिडले नाहीत. एवढंच म्हणाले, "मग रोज भरत काय होतास बे?"

अशा वेळी बोलायला एक मोठं उदाहरण पाठ ठेवा. ३१ जानेवारी २०१७ ला गिटलॅब या नावाजलेल्या कंपनीत एका इंजिनिअरने रात्री चुकून भलत्याच सर्व्हरवरचा, म्हणजे मुख्य डेटाबेसचा, डेटा पुसला. सुमारे ३०० जीबीतले साडेचार उरले. बॅकअप आणि रेप्लिकेशन (दुसऱ्या सर्व्हरवर सतत उतरत राहणारी प्रत) धरून पाच तऱ्हा होत्या, त्यातली एकही धड नव्हती. बॅकअप फसल्याचे मेल तर कुणापर्यंत पोचतच नव्हते. त्याच इंजिनिअरने सहा तास आधी सहज म्हणून घेतलेली एक प्रत कामी आली. त्यांनी घडलं ते सगळं जगजाहीर केलं, दुरुस्ती चालू असताना लोकांना थेट दाखवली. तुम्ही मात्र उदाहरण तारखेपर्यंतच सांगा. कबुलीचा भाग आपल्याकडे चालत नाही.

दुसरा दिवस ॲनालिटिक्सचा, म्हणजे रंगांचा. डॅशबोर्ड, म्हणजे आकड्यांची चित्रं दाखवणारा पडदा, गोल असावा, त्यात आठ तरी रंग असावेत आणि साहेबांना आवडणारा आकडा हिरवा असावा. सरासरीवर श्रद्धा ठेवा. बारा महिन्यांची सरासरी काढली की सोलापूर थंड हवेचं ठिकाण ठरतं.

मध्येच 'नल' येतो. नल म्हणजे शून्य नव्हे, हे ट्रेनर तीनदा सांगतील आणि तीनदा हॉल मान हलवेल. आम्हाला ते नळावरून कळतं. मीटर बघितला आणि पाणी आलेलंच नव्हतं, तर शून्य. मीटर बघायला कुणी गेलंच नाही, तर नल. एसक्यूएल, म्हणजे डेटाबेसशी बोलायची भाषा, सरासरी काढताना नल असलेली घरं सरळ वगळतं, शून्य असलेली मात्र धरतं. म्हणून आकडा सुधारायचा असेल तर पाणी सोडायची गरज नाही, मीटर बघायला जाणं थांबवा.

डेटा साफ करण्याच्या सत्राला तब्येत बिघडवून घ्या. नमुन्याच्या फाइलमध्ये शोलापूर, सोलापूर, सोलापूर शहर आणि पुढे एक अदृश्य मोकळी जागा असलेलं सोलापूर, अशी चार गावं निघतात आणि चौथ्या गावची चादर विक्री सगळ्यात जास्त भरते. असल्या शिणापेक्षा जुनी एक्सेल बरी. तिच्या जुन्या फॉरमॅटमध्ये ६५,५३६ ओळींच्या पुढचं काही मावतच नाही. २०२० मध्ये इंग्लंडच्या सरकारी यंत्रणेने याच फॉरमॅटमधून कोरोनाचे आकडे नेले, आणि १५,८४१ रुग्ण काही दिवस मोजणीतच आले नाहीत. साथ इतक्या स्वस्तात आटोक्यात आल्याचं दुसरं उदाहरण नाही.

संध्याकाळी "काही शंका?" असं विचारलं जाईल. हॉलमध्ये एकच शंका असते: सर्टिफिकेटवर नाव कसं छापलंय? नोंदणीची यादी कुणीतरी फोनवर ऐकून टाइप केलेली असते. पूर्व भागातल्या एखाद्या सहकाऱ्याचं तेलुगू आडनाव मधोमध तुटून त्याचे दोन प्रशिक्षणार्थी झालेले असतात, आणि दुसरा गैरहजर. माझ्याकडे तीन सर्टिफिकेटं आहेत, तिन्हींवर मी वेगवेगळा आहे. अभिप्रायाच्या फॉर्मवर सगळीकडे पाच तारे द्या आणि लवकर निघा, उद्या पाण्याचा दिवस आहे. आईने बॅरल उपडा करून ठेवला असेल.