नाला सरळ करण्याआधी

गावोगावी पोकलेन लावून नाले सरळ अन् खोल करायचं काम चाललंय. माझा त्याला उघड विरोध आहे. पाणी अडवायला नाही, नाल्याचं वळण मोडायला.

आपली पूर्णाच घ्या. बैतूल जिल्ह्यात सातपुड्यात उगम, मग अमरावती, अकोला, बुलडाणा करत तापीला मिळते. पण हे सपाट खोरं नुसतं तिनं कोरलेलं नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी गाविलगडचा मोठा भ्रंश आहे, म्हणजे जमिनीच्या खडकाला गेलेला तडा. त्याच्या दक्षिणेची जमीन खचत गेली आणि त्या खोलगटात नद्या लाखो वर्षं गाळ भरत राहिल्या. तळाशी सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा काळा पाषाण, त्यावर गाळ, तोही काही ठिकाणी 300 मीटरहून जाड! डोंगर उतरल्यावर पाण्याचा जोर मोडतो, म्हणून गोटे-रेती पायथ्यालाच पडतात आणि तिथं पाऊस झटकन मुरतो. बारीक चिकणमाती पुढे दर्यापूरकडे वाहत जाते, तिथल्या खारपाणपट्ट्यात पाणी मुरता मुरत नाही.

नदी वळते ती उगाच नाही. वळणाच्या बाहेरच्या काठाला धार लागते, तो कापला जातो. आतल्या बाजूला पाणी संथ, तिथं रेती साचते. अशी ती पिढ्यान्‌पिढ्या डावी-उजवी सरकते आणि पुरात पसरून थडीच्या वावरांत गाळ टाकते. आपण ज्या जमिनीचा भाव वाढवून सांगतो, ती हीच.

वळण काढलं की अंतर घटतं, उतार वाढतो, धारेला जोर येतो. तळ खाली गेला की त्याला मिळणारे ओहोळही आपला तळ कापत मागे सरकतात आणि घळी थेट वावरात शिरतात. आधीच काळ्या मातीला उन्हाळ्यात हातभर भेगा, त्यातून पहिलं पाणी आत गेलं की धुरा ढासळतो. ज्याचं वावर नाल्याला लागून आहे, त्यानं हे पाहिलेलं असतं. शिवाय वरच्या गावाचं पाणी लवकर निघालं म्हणजे ते खालच्या गावात एकदम येतं. खालचं गाव कोणाचं? आपल्याच सोयऱ्याधायऱ्यांचं.

ग्रामसभेत असं काम आलं तर विचारा: वरच्या शिवारात बांधबंदिस्ती आधी झाली का? काठची बाभळं राहणार का? निघालेली माती काठावरच रचणार असाल, तर पुरानं पसरायचं कुठं? याची उत्तरं मिळेपर्यंत ठरावाला हात वर करू नका.