चढ चढ, फोटो काढतो!

मे महिना, 42 अंश, आणि आम्ही हौसेनं बडोद्याच्या कमाटी बागेत पुतळे बघायला! 1879 ची, सयाजीरावांच्या काळातली बाग ही. ती काय तुमच्या बंट्याला पुतळ्यावर बसवायला केली? एक काका घामाघूम, तरी चालूच, "चढ चढ, फोटो काढतो!" बंट्या तापलेल्या धातूला टेकला आणि केकाटला. दोष कुणाचा? पुतळ्याचा! "किती तापलाय मेला!" अहो, तो उन्हात उभाय, एसीत नाही. चौथऱ्यावर किल्लीनं कोरलेला ताजा बदाम, त्यात बाण, बाणावर खमणची चटणी. फाइन आर्ट्सची पोरं वर्षानुवर्षं छिन्नी झिजवतात. हे एका किल्लीत शिल्पकार! आणि वर मलाच, "मावशी, जरा बाजूला व्हा ना, फ्रेममध्ये येताय."