यूआरआर ७० दिसला तरी सॅम्पल कसं घेतलं ते विचारा

यूआरआर म्हणजे एका डायलिसिसमध्ये रक्तातला युरिया (किडनीने बाहेर टाकायचा कचरा) किती टक्के कमी झाला ते. 'यूआरआर ६५ टक्क्यांवर गेला की डायलिसिस पुरेसं' हे डायलिसिसवरच्या एका लेखातलं वाक्य आठवड्यातून तीनदा करणाऱ्यांपुरतं खरं आहे. दोनदाच करणाऱ्याची लघवी जवळजवळ बंद झाली असेल तर तोच आकडा पुरत नाही.

आणि आकडा तरी खरा असतो का? आधी युरिया १४०, नंतर ४२, म्हणजे यूआरआर ७०. पण नंतरचं सॅम्पल घेताना मशीनचं पाणी काढणं बंद करून रक्ताचा पंप मिनिटाला १०० मिलीवर आणायचा, १५ सेकंद थांबायचं, मग लाल लाइनमधून (शरीरातून मशीनकडे रक्त नेणारी नळी) रक्त घ्यायचं. घाईत पंप ३०० वर असतानाच घेतलं आणि फिस्टुलात (डायलिसिससाठी हातात जोडून केलेली रक्तवाहिनी) रक्त उलटं फिरत असेल, तर नुकतंच धुतलेलं रक्तच सिरिंजमध्ये येतं. रिपोर्ट उगाच झकास!

डोस, म्हणजे डायलिसिसने झालेली रक्ताची सफाई, कमी पडला की डायलायझरला (रक्त गाळणाऱ्या फिल्टरला) दोष देण्याआधी प्रत्यक्ष मिनिटं मोजा. अलार्म, उशिरा जोडणं, 'पाय वळतायत, लवकर काढा'... चाराचे साडेतीन तास सहज होतात.

डोस नुसता फुगवूनही भागत नाही. अमेरिकेतल्या हेमो अभ्यासात (२००२) केटी/व्ही (डोस मोजायचा दुसरा आकडा) १.३ ऐवजी १.७ ठेवूनही मृत्यूंत लक्षणीय घट दिसली नाही. वेळ वाढवायचा तो अंगातलं जास्तीचं पाणी सावकाश काढण्यासाठी. ६० किलोच्या माणसातून चार तासांत ३ लिटर काढले, तर किलोमागे ताशी साडेबारा मिली होतात. १३ च्या वर धोका वाढलेला दिसतो.